एका वेळी एकच चाक: कोकणच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्याचा सराव

रत्नागिरीत नवा कॅमेरा घेतलेला माणूस पहिल्या रविवारी कुठे जातो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आरे-वाऱ्याच्या चढावर. सूर्य बुडेपर्यंत तीनशे फोटो निघतात, त्यांतले चार बरे येतात, आणि ते चारच का बरे आले हे काढणाऱ्याला सांगता येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, फक्त ढग वेगळे.

म्हणून नवशिक्यांच्या वर्गात मी पहिले दोन रविवार सूर्यास्त बंद ठेवतो. काहीजण रुसतात. पण सराव म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते बघायचं. आगरात पाट एकदम चार ठिकाणी फोडला तर कुठल्या माडाला किती पाणी मिळालं ते कळत नाही, तसंच हे. शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा), अपर्चर (लेन्समधलं भोक किती उघडायचं), आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती तिखट ठेवायचा) ही तीन चाकं एकदम फिरवली की फोटो बदलतो, पण शिकणं होत नाही.

खालचे सराव साध्या १८-५५ किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते त्या लेन्सवर, करता येतात. डीएसएलआर असो की मिररलेस, फरक पडत नाही. फोनवर अपर्चरचा भाग सोडून द्या. बहुतेक फोनमध्ये ते बदलताच येत नाही.

निघण्यापूर्वी

व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कडेला एक बारीकसं चाक असतं, त्याला डायऑप्टर म्हणतात. आत डोळा लावून तिथले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. आमच्या वर्गात एक काका तीन आठवडे लेन्सला शिव्या देत होते, ‘फोकसच लागत नाही’ म्हणून. लेन्स ठणठणीत होती. काकांचा चष्म्याचा नंबर आणि हे चाक यांचं जमत नव्हतं.

मग मेनूत जाऊन ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर तुम्ही एक चाक फिरवाल आणि कॅमेरा तुमच्या नकळत दुसरं फिरवून हिशेब जुळवून टाकेल. फोटो रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेला फोटो) अशा दोन्ही प्रकारांत साठवा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, अर्थात आधीचे फोटो उतरवून घेतल्यावर. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या. शोभेपुरता मनगटाला गुंडाळलेला पट्टा जेटीवर कामाला येत नाही.

पडवीतले तीन नारळ

पहिला रविवार घरातच. पडवीतल्या बाकड्यावर तीन सोललेले नारळ एकामागे एक ठेवा, मध्ये वीतभर अंतर. कॅमेऱ्याची डायल ‘ए’वर आणा, कॅननवर हेच ‘एव्ही’ आहे. यात अपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. आयएसओ ४००, लेन्स ५५ वर, आणि मधल्या नारळापासून साधारण मीटरभर लांब बसा. फोकस मधल्या नारळाच्या डोळ्यांवर. त्यासाठी फोकसचा एकच बिंदू निवडा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा बहुतेक वेळा सर्वांत जवळची वस्तू पकडतो.

आता एफ ५.६, ८, ११, १६, २२ असे पाच फोटो. एफ ५.६ ला मीटरभर अंतरावर जेमतेम सात-आठ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्वच्छ येतो, म्हणजे मधल्या नारळाची पुढची बाजू आणि थोडं आत. पुढचा-मागचा नारळ नुसते तपकिरी गोळे. एफ २२ ला हा पट्टा चौपट होतो आणि शेजाऱ्यांच्या शेंड्या ओळखू येऊ लागतात.

इथे सगळ्यांचा एक गोंधळ होतो: आकडा लहान तर भोक मोठं, हे कसं? हा आकडा म्हणजे भागाकार आहे. लेन्सची लांबी (फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा १८ ते ५५ हा मिलिमीटरचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर २५ मिलिमीटरचं भोक, एफ १० वर ५ मिलिमीटरचं. २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ या माळेत पुढच्या प्रत्येक मण्याला प्रकाश निम्मा होतो. माळ पाठ करा. शाळेत पावकी-निमकी पाठ करणारी पिढी असेल तर पाच मिनिटांत होते.

या पाच फोटोंत शटरचा आकडाही बघत राहा. तो कॅमेऱ्याने स्वतः बदललेला असतो. पडवीच्या सावलीत एफ २२ वर तो १/८ सेकंद वगैरे इतका खाली येतो आणि फोटो हलतो. तो हललेला फोटो पुसू नका, पुढच्या सरावाला तोच लागणार आहे. शिवाय ट्रायपॉडवर ठेवूनही एफ २२ चा फोटो एफ ८ पेक्षा किंचित मऊ येतो, कारण अगदी बारीक भोकातून जाताना प्रकाश कडांवर पसरतो. म्हणून ‘सगळं स्वच्छ हवं’ म्हणून नेहमी २२ लावणं हा काही शहाणपणा नव्हे.

हाच खेळ लेन्स १८ वर नेऊन करा. फरक जवळपास नाहीसा होईल. मागचं धूसर हवं असेल तर लेन्स लांब, माणूस जवळ आणि पार्श्वभूमी दूर, या तीन गोष्टी महागड्या लेन्सच्या आधी करून बघण्याजोग्या आहेत.

लाटा आणि लाल एसटी

आता शटर. डायल ‘एस’वर (शटर तुम्ही ठरवायचं, अपर्चर कॅमेरा ठरवतो), कॅननवर ‘टीव्ही’वर (दूरदर्शनशी संबंध नाही, ते वेळेचं माप आहे). आधी हाताची परीक्षा घ्या. लेन्स ५५ वर ठेवून गडग्यावरच्या एखाद्या दगडाचा फोटो १/२५०, १/१२५, १/६०, १/३०, १/१५ असा काढत खाली या आणि पडवीतल्या त्या हललेल्या फोटोशेजारी पडद्यावर मोठा करून बघा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या लांबीला दीडने गुणायचं आणि तेवढ्या भागाच्या खाली हातात धरून जायचं नाही, असा जुना अंदाज आहे. ५५ ला १/८०. कोपरं बरगडीला टेकवा, श्वास अर्धा सोडा, बटण दाबा. ठोका मारू नका. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर आणखी दोन-तीन पायऱ्या उतरता येतं (दर पायरीला शटरचा वेळ दुप्पट). मात्र त्याने तुमचा हात थांबतो, समोर पळणारं पोर थांबत नाही.

मग भाट्याला या. सुरूच्या बनाच्या कडेला उभं राहिलं की समोर लाटा आणि ओल्या वाळूवर कुणाचं तरी क्रिकेट हमखास मिळतं. गोलंदाजाचा हात १/१००० ला थांबतो. १/२५० ला चेंडू लांबुळका होतो. १/६० ला हात धुरासारखा होतो पण यष्ट्या जागेवर असतात. हे तीन फोटो शेजारी ठेवले की शटरवर भाषण द्यायची गरज उरत नाही.

आता लाटांचं ‘दूध’ करायचं असतं प्रत्येकाला. दुपारी बारा वाजता १/२ सेकंद लावून बघा, फोटो पांढराफटक येईल. का, ते गणित सोपं आहे. स्वच्छ उन्हात एफ १६ ला शटर साधारण आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. एफ २२ ला १/५०. त्याखाली कॅमेऱ्याकडे जागाच नाही. मोकळ्या वाळूवर तर प्रकाश याहूनही जास्त असतो. दिवसाउजेडी दूध हवं असेल तर एनडी फिल्टर लागतो, लेन्सवर चढवायचा काळा चष्माच तो. आठपटीचा फिल्टर तीन पायऱ्या खाली नेतो, हजारपटीचा दहा. त्या दहा पायऱ्यांनी १/५० चे वीस सेकंद होतात. फिल्टर नसेल तर सूर्य बुडायची वाट बघा, फुकट आहे.

पॅनिंगला, म्हणजे पळत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायला, मात्र मी बराच वेळ देतो, कारण त्यात हात, डोळा आणि पाय तिन्ही शिकतात. सावकाश वळणाच्या आधीचा सरळ रस्ता शोधा, कठड्याच्या आत उभे राहा, शटर १/३०, फोकस सतत चालणाऱ्या प्रकारात (निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरवर एआय सर्व्हो). एसटी लांब दिसली की पाय ती समोर येईल त्या दिशेला रोवा आणि कमरेतून वरचं अंग तिच्याकडे वळवा. मग ती येईल तसं नुसत्या कमरेने परत फिरत या, समोर आली की बटण दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. नव्वद टक्के लोक इथेच थांबतात आणि गाडीचं तोंड स्वच्छ, शेपूट फाटलेलं असा फोटो मिळतो. वीस गाड्यांमागे एक फोटो जमला तर दिवस चांगला गेला. रस्त्यावर उतरून हे करायचं नाही, हे कोकणातल्या वळणांवर वेगळं सांगायला नको.

काळा समुद्र, पांढरा समुद्र

रत्नागिरीकरांना एक सोय आयती आहे: मांडवीची काळी वाळू आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र, दोन्ही एकाच गावात. एक्स्पोजर शिकवायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे आतला प्रकाशमापक, भोळा असतो. जे समोर येईल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. काळी वाळू चौकटभर दाखवली की ‘फारच अंधार’ म्हणून तो फोटो उजळ करतो आणि वाळू राखेसारखी येते. पांढरी दाखवली की उलट, ती मळकी होते. डायल ‘ए’वर ठेवून मांडवीला एक फोटो जसाच्या तसा काढा, मग प्लस-मायनसचं बटण वापरून उणे १ ला दुसरा. पांढऱ्या समुद्रावर एक जसाच्या तसा, एक अधिक १ ला. चारही शेजारी ठेवा. पुढे चुन्याची भिंत, पांढरं धोतर, काळी म्हैस, काहीही समोर आलं तरी हात आपोआप योग्य बाजूला जातो.

पुढचा फोटो माणसाचा घ्या, पाठीमागे समुद्र आणि संध्याकाळचं आभाळ ठेवून. चेहरा काळा येईल. अधिक १.५ करा, चेहरा येईल आणि आभाळ जळेल. दोन्ही एकदम मिळत नाही हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग माणसाला वळवून उभं करायची बुद्धी होते. चेहऱ्याला स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरता प्रकाश मोजणं) लावूनही बघा, पण तिथे मुक्काम करू नका. नवशिक्याने स्पॉट चालू ठेवलं आणि विसरला, की दोन दिवसांचे फोटो वाकडे.

आभाळ जळलं का हे पडद्याकडे बघून कळत नाही. उन्हात पडदा अंधारा वाटतो. हिस्टोग्रामचा (फोटोतला अंधार-उजेड डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखाचा) डोंगर उजव्या भिंतीवर चढलाय का ते बघा, किंवा जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय मेनूतून चालू करा.

गडगा चार वेळा

हा सराव कंटाळवाणा आहे आणि मला सगळ्यांत आवडतो. जांभ्याच्या चिऱ्यांचा एक गडगा निवडा. एकाच जागेवर उभं राहून सकाळी सात, दुपारी बारा, साडेचार आणि सूर्यास्तानंतर लगेच, असे चार फोटो. जांभ्याला भोकं असतात. ऊन अगदी तिरकं, भिंतीला घासून जाईल तेव्हा प्रत्येक भोक सावलीने भरतं आणि दगड हाताला लागेल असा दिसतो. ऊन तुमच्या पाठीमागून सरळ भिंतीवर आलं की तोच दगड सपाट, लाल रंग फासलेल्या पुठ्ठ्यासारखा. उगवतीकडे तोंड असलेल्या आणि मावळतीकडे असलेल्या गडग्याचं उत्तर वेगळं येतं, ते तुमचं तुम्ही शोधा.

हेच ज्ञान मग कातळशिल्पांना लावायचं. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली ही चित्रं आहेत, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. भर दुपारी गेलात तर कोरीव रेघा जवळपास दिसत नाहीत, हिरमोड होतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, सूर्य तुमच्या एका बाजूला येईल असं उभं राहा. रेघा उठाव्यात म्हणून त्यांत पाणी ओतणं, खडू फिरवणं, त्यांवर उभं राहणं, हे अजिबात करायचं नाही. प्रकाशाचं काम प्रकाशालाच करू द्या.

रंगाबद्दल एवढंच: माडाखालची सावली निळसर येते, समईचा उजेड पिवळाजर्द. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) ‘शेड’ला लावून सावली सुधारा, समईला मात्र पिवळीच राहू द्या. देवघराचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा करून काय मिळवायचं?

बंदरावर माणसं

हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, पाठीमागे समुद्रात सुवर्णदुर्ग. मिरकरवाड्यालाही सकाळी गर्दी असते. इथे शिकायचं ते कॅमेऱ्याचं थोडं आणि वागण्याचं जास्त. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीत. टोपली उतरवणाऱ्याच्या वाटेत उभं राहू नका, जेटी निसरडी असते.

आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, “मावशी, फोटो काढू का?”

“बांगडे घे आधी. मग काय तो तुझा फोटो काढ.”

त्याने दोन वाटे घेतले आणि त्या दिवशीचा वर्गातला सर्वांत चांगला चेहरा त्यालाच मिळाला. कुणी नको म्हटलं तर नको. शेवटी फोटो दाखवा आणि पाठवतो म्हटलात तर खरंच पाठवा.

कॅमेऱ्यापुरतं सांगायचं तर शेडच्या सावलीत प्रकाश बराच वेळ बदलत नाही, त्यामुळे ‘एम’ म्हणजे पूर्ण मॅन्युअल पहिल्यांदा वापरायला ही जागा उत्तम. एफ ५.६, शटर १/२५०, आणि फोटो बरा येईपर्यंत आयएसओ चढवत न्या. एकदा जमलं की आकड्यांना हात लावू नका, फक्त माणसं बघा. ‘ए’वर असता तर पांढऱ्या बर्फाची पेटी चौकटीत आली की मीटर पुन्हा फसला असता. फोकस जवळच्या डोळ्यावर.

तिथी बघून ट्रायपॉड

तिसऱ्या रविवारी सूर्यास्त उघडतो. आधी पंचांग काढा. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, आणि खडकांत उतरायचं असेल तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकच बघायचं. पण फोटोच्या बेताला हा हिशेब पुरतो. पुनव-अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि उधाण असल्यामुळे पाणी खूप लांब जातं. मावळतीला आरशासारखी ओली वाळू हवी तर हे दिवस. अष्टमीला नेमकं उलट: भांगाची भरती (चढ-उतार कमी), सूर्यास्ताला पाणी वर, वाळू कमी.

त्याच उधाणाचा दुसरा चेहराही ध्यानात ठेवा. सूर्य बुडाल्यावर पाणी फिरतं आणि भराभर चढतं. मी एका पौर्णिमेला तीस-तीस सेकंदांच्या फोटोंत इतका रमलो होतो, की मागे खडकावर ठेवलेली पिशवी पाण्याने वेढली तेव्हा कळलं. चूक सगळी माझी. दोन बॅटऱ्या आणि एक लेन्स गेली. तेव्हापासून पिशवी पाठीवरच.

ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत दाबून बसवा आणि एक लाट येऊन जाऊ द्या. ती पायांखालची वाळू ओढते, ट्रायपॉड खचतो, पुन्हा दाबा. लेन्सचं स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. ‘एम’वर आयएसओ १००, एफ ८, आणि सूर्य बुडून वीसेक मिनिटांनी दोन सेकंदांपासून सुरुवात करा. मग ४, ८, १५. लाट परतत असताना शटर उघडलं तर वाळूवर पांढरे धागे उमटतात; येताना उघडलं तर नुसतं धुकं. हा फरक कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला, तुम्हाला सांगून टाकतो.

खारं वारं

किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर आधी फुग्याने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने कॅमेऱ्याचं अंग पुसा, मग कोरड्याने. कोरड्या फडक्याने सुरुवात केली तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुवा आणि उघडेच वाळवा.

एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्स बाहेर काढू नका, काचेवर घाम येतो. पिशवी अर्धा तास बंदच राहू द्या. आणि पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलचे दाणे आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असला की झालं. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून वाळवायचे. तांदूळ नको, त्याची पूड लेन्समध्ये जाते.

घरी आल्यावर

रोलच्या काळात ३६ फोटो मिळायचे. एका सरावाला तुम्हीही छत्तीसच काढा. रात्री मोठ्या पडद्यावर बघताना प्रत्येक फोटोचे शटर, अपर्चर, आयएसओ उघडून ठेवा, ते फाइलमध्ये लिहिलेले असतात. तीन निवडा: एक जमलेला, एक फसलेला पण कारण कळलेला, आणि एक का फसला ते न कळलेला. तिसरा वर्गात आणा. जमलेले फोटो घरच्यांना दाखवा, ते कौतुक करतील; वर्गात त्यांचा काही उपयोग नाही.

शिमग्याची परीक्षा

मी वार्षिक परीक्षा घेतो ती शिमग्यात, पालखी नाचते तेव्हा. रात्र, उडणारा गुलाल, एका जागी न थांबणारा विषय. शिकलेलं सगळं एकदम लागतं. लेन्स १८ वर, एफ ३.५, आयएसओ ३२००, शटर १/१०० पासून सुरू करा. मांडवातल्या दिव्यांखाली याहून जलद गेलात तर कधीकधी फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि बरेचसे दिवे त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, लुकलुकतात. चारपाच बरे फोटो पदरात पडले की शटर १/१० वर आणा आणि पालखीच्या लयीबरोबर कॅमेरा हलवा, एसटीसाठी केलं होतं तसं. फ्लॅश खांदेकऱ्यांच्या डोळ्यांत मारू नका, खांद्यावर देव असतो आणि पायाखाली उंचसखल अंगण.

एक जादा बॅटरी खिशात ठेवा. पालखी घराघरांत थांबत जाते आणि तुमच्या वाडीत पोहोचेपर्यंत पहाट झालेली असते.